जुना कप्तान परत आला तो रविवार

बारावीच्या वर्षी लातुरात मी फार मोठा माणूस होतो, पण फक्त रविवारी, दुपारी एक ते दोन. उरलेला आठवडा मी 'ड' बॅचमध्ये होतो.

हे जरा नीट सांगायला पाहिजे. भूकंप होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि लातुरात दिवसभर दोनच आवाज चालायचे. एक काँक्रीट कालवणाऱ्या मिक्सरचा, दुसरा शिकवणीच्या सरांच्या माईकचा. अख्ख्या मराठवाड्यातली पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन एसटीतून उतरत होती, आणि आपल्या घरातला पहिला डॉक्टर याच एसटीतून उतरला अशी प्रत्येकाच्या बापाची खात्री होती. माझ्या वडिलांचीही होती. ते उमरीला शाळेत मास्तर. त्यांनी मला आधी नांदेडला आत्याकडं ठेवलं आणि दहावी झाल्यावर लातूरला धाडलं.

शिकवणीत पहिल्याच आठवड्यात चाळणी परीक्षा झाली आणि अ, ब, क, ड अशा चार बॅचेस लागल्या. चाळणीतून जे सगळ्यात खाली पडलं त्यात मी होतो. वडिलांना मी पत्र लिहिलं की शाळेत पहिलीनंतर दुसरी असते तशाच या बॅचेस असतात, आणि मी एकदम चौथीत गेलोय. मास्तर माणूस, त्यांना चढता क्रम लगेच पटला. दिवाळीत उमरीच्या स्टेशनवर मला घ्यायला आले, तर तिकिटं गोळा करणाऱ्याला थांबवून म्हणाले, "आमचं पोरगं ड ला आहे." त्यानंही कौतुकानं मान हलवली. माझं तिकीट बघायचं राहूनच गेलं.

आता रविवारचं मोठेपण कुठून आलं ते सांगतो. आम्ही चौदाजण एका मावशींच्या मेसला जेवायचो. मावशी कपाळाला विभूतीचे तीन पट्टे लावायच्या, कांद्याच्या भाजीत तिखट किती घालायचं याबद्दल कुणाचं ऐकायच्या नाहीत, आणि त्यांच्या मधल्या घरात टीव्ही होता. रविवारी दुपारी मेसला गोडाचं जेवण आणि संध्याकाळी सुट्टी, हा सगळ्या मेसचा नियम. आणि रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर 'यान'.

मालिकेचं खरं नाव लांबलचक हिंदी होतं. आम्ही तिला नुसतं 'यान' म्हणायचो. अंतराळात वाट चुकलेलं एक यान, त्यातली सात माणसं, आणि चार वर्षं झाली तरी न सापडलेला घरचा रस्ता. नांदेडला आत्याकडं मी आठवीपासून ते बघत होतो. यान प्लायवूडचं आहे हे आम्हाला दिसायचं. एकदा उल्का आदळली तेव्हा यानाची भिंत हलली आणि तिच्यामागं स्टुलावर बसून चहा पिणारा एक माणूस दिसला. आम्ही आठवडाभर चर्चा केली की हा परग्रहावरचा असणार, आणि त्याचा उलगडा पुढं होणार. तो कधीच झाला नाही. म्हणून आम्ही बघायचं सोडलं नाही.

तर गोची अशी, की अ बॅचची चाचणी रविवारी साडेनऊ ते साडेबारा असायची. ब आणि क ची पण सकाळीच. आमच्या ड बॅचला मात्र दुपारी तीनला बोलवायचे, म्हणजे सरांचा सकाळचा मूड खराब होणार नाही. मेसमधले बाकी तेरा हुशार होते. त्यामुळे दहा वाजता मावशींच्या मधल्या घरात, भिंतीला टेकून, यान बघायला मोकळा असा माणूस अख्ख्या मेसमध्ये मी एकटाच. एक वाजता ते तेरा पेपर देऊन यायचे, ताटावर बसायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी आधी पाणी प्यायचो. मग सांगायला लागायचो.

मी सांगायचो झकास. यानात जे दहा मिनिटांत उरकायचं ते मी अर्धा तास पुरवायचो. लाल दिवा लागला की मी ताटावर चमचा वाजवायचो. कोण दगा देणार हे कळायच्या ऐन वेळेला मी, "मावशी, आमटी," म्हणायचो आणि तेरा माणसं आमटी येईपर्यंत घास धरून बसायची. ज्यांना फिजिक्समध्ये शंभरपैकी नव्वद पडायचे ती पोरं मला त्यांच्या वाटीतला गुलाबजाम काढून द्यायची. माझ्या वह्यांमधली गणितंसुद्धा त्या वर्षी बरोबर आली, पण अक्षर दर आठवड्याला वेगळं असायचं.

या मेसमध्ये दोन पक्ष होते. जुना कप्तान आणि नवा कप्तान. पहिली दोन वर्षं यानाचा कप्तान जाड भुवयांचा, बोलण्याआधी एक क्षण गप्प बसणारा माणूस होता. एका भागात तो यान वाचवण्यासाठी एकटाच छोट्या गाडीत बसून कृष्णविवरात शिरला. तो रविवार भूकंपाच्या आधीचा शेवटचा रविवार. त्यानंतर कितीतरी आठवडे लातूर काय नि नांदेड काय, आमच्या दोन्ही जिल्ह्यांत घराच्या आत कुणी बसतच नव्हतं, टीव्ही कोण बघणार. पुन्हा बघायला लागलो तर कप्तानाच्या खुर्चीत दुसराच माणूस. गोरा, केस चापून बसवलेला. आणि सगळे त्याला कप्तानच म्हणून राहिले. मधल्या भागांत याचा खुलासा झाला असणार. उरलेल्या देशाला तो ठाऊक असणार. पण ते भाग बघितलेला एकही माणूस आमच्या मेसमध्ये नव्हता, आणि पुण्याच्या माणसाला विचारावं तर पुण्याचं कुणी लातूरला शिकायला येत नव्हतं.

मी जुन्याचा. नव्याच्या पक्षाचा पुढारी शिरूर अनंतपाळचा होता, त्याला आम्ही शिरूरवालाच म्हणायचो. त्याचे वडील तहसीलमध्ये होते आणि त्याचं प्रत्येक म्हणणं तिथून यायचं.

"कप्तान हे पद हाय," तो म्हणायचा. "तहसीलदार बदलला म्हणून तालुका बदलतो का?"

"तहसीलदाराची बदली होते गड्या," मी म्हणायचो. "नवा आलेला जुन्याच्या बायकोला 'मीच तो' म्हणून न्हाई राहत."

मग कुणीतरी कृष्णविवराचा मुक्तिवेग काढायला घ्यायचं. ताटाच्या कडेला चटणीत बोटानं सूत्र मांडायचं, प्रकाशसुद्धा जिथून सुटत नाही तिथून जाड भुवयांचा माणूस सुटेल का यावर दोन्हीकडून आकडे पडायचे. मावशी वाढता वाढता ऐकायच्या. त्यांची तक्रार वेगळी होती. यानातली माणसं जेवणाऐवजी गोळ्या खायची, ते त्यांना बघवायचं नाही. जुना कप्तान गोळी खाताना तोंड वाकडं करायचा, म्हणून त्यांचं मत जुन्याला. नवा आवडीनं खायचा. असल्या माणसाच्या घरात पोरगी देऊ नये, असं त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं.

या सगळ्यात एकजण कधी बोलायचा नाही. तो माझा रूम पार्टनर. किल्लारीच्या पलीकडच्या गावचा, अ बॅचमध्ये कायम पहिल्या पाचात. खाली मान घालून जेवायचा. सगळ्यांचं भांडून झालं, ताटं उचलायची वेळ आली की मला एवढंच विचारायचा, "जुन्याचं काही कळलं का?"

मी म्हणायचो, "न्हाई."

तो मान हलवायचा आणि ताट उचलायचा. दर रविवारी हेच. मी त्याला मनातल्या मनात आमच्या पक्षाचा मुका मेंबर समजायचो.

आणि मग तो रविवार आला. मी मधल्या घरात भिंतीला टेकून बसलो, यानाच्या पाट्या पडल्या, गाणं झालं आणि लाईट गेली. आली पावणेअकराला. तेव्हा पडद्यावर एक गृहस्थ सोयाबीनवरच्या अळीची माहिती देत होते.

आता शहाण्या माणसानं काय करावं? एक वाजता सांगावं, बाबांनो, लाईट गेली होती. मीही तेच ठरवलं होतं. पण मी ताटावर बसलो तेव्हा शिरूरवाल्यानं न मागता त्याच्या वाटीतले दोन्ही गुलाबजाम माझ्या ताटात ठेवले. मी आधी ते खाल्ले. ही माझी चूक. खाल्ल्यावर लाईटचं सांगणं मला बरं वाटेना.

मी पाणी प्यालो आणि सुरू केलं. यानाला कुठून तरी संदेश येऊन राहिला. खरखर, खरखर. यंत्रमानव कान लावून ऐकतो. लाल दिवा. चमचा. नवा कप्तान म्हणतो बंद करा, डॉक्टरीणबाई म्हणते थांबा. मला स्वतःला ठाऊक नव्हतं संदेश कुणाचा आहे. मी आमटी मागितली. आमटी आली, प्यायलो, तरी सुचेना. शेवटी म्हणालो की इथंच भाग संपला.

त्याच्यावर अर्धा तास रण माजलं. मला वाटलं, निभावलं. आणि ताटं उचलायच्या वेळेला पार्टनरनं विचारलं, "जुन्याचं काही कळलं का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. इतका चांगला प्रश्न, इतक्या चांगल्या वेळेला, मला जन्मात कुणी विचारला नव्हता.

"त्याचाच आवाज होता," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी दिसणार."

पार्टनरनं ताट परत खाली ठेवलं.

त्या आठवड्यात मी त्याला हसताना पाहिलं. एका खोलीत दीड वर्ष काढलं होतं, दात कसे आहेत ते मला तेव्हा कळलं. सकाळी माझी गादी त्यानं गुंडाळली. मला घूर्णन गती समजावून सांगितली, दोनदा, न चिडता. मी मनात म्हटलं, एका थापेनं माणूस एवढा सुधारत असेल तर थापेत वाईट काय आहे. शुक्रवारी संध्याकाळी तो म्हणाला, "रविवारी मी पेपरला जात न्हाई. मावशीकडं येतो."

मी गादीवरून उठून बसलो.

शिकवणीचा एक नियम होता आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. रविवारची चाचणी बुडाली की सोमवारी नाव खालच्या बॅचच्या यादीत. कारण विचारायचं नाही, परत वर चढायचं नाही. अ बॅचलाच सर स्वतः शिकवायचे. बाकीच्यांना सरांचे विद्यार्थी, आणि आम्हाला विद्यार्थ्यांचे विद्यार्थी. पार्टनरचे आईवडील अजून पत्र्याच्या शेडात राहत होते, घराचं काम निम्म्यावर होतं, आणि त्या शेडातून त्याला लातूरला धाडताना वडिलांनी एकच सांगितलं होतं, की सर ज्या वर्गात शिकवतात त्या वर्गात बस. हे सगळं मला माहीत होतं.

"येडा का तू," मी म्हणालो. "मी सांगतो की दुपारी."

"हे बघायचं हाय," तो म्हणाला. "ऐकायचं न्हाई."

तिथंच मी खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं तर यापुढं एक वाजता माझ्याकडं कोण बघणार? मी दुसरे मार्ग काढले. म्हणालो, रविवारी लाईट जाणार आहे, लाईनमन स्वतः सांगत होता. तो म्हणाला, मग ट्रॅक्टरची बॅटरी आणू, आमच्यात टीव्ही तिच्यावरच चालायचा. म्हणालो, मावशींकडं पाहुणे येणार आहेत. तो म्हणाला, दारात उभारून बघू.

शनिवारी संध्याकाळी पाचला मावशी मठात गेल्या आहेत असं बघून मी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि त्यांच्या घरावर चढलो. अँटेनाच नसला तर कुणाला काय दिसणार, असा माझा हिशोब. भूकंपानंतर मावशींनी वरचं मातीचं माळवद उतरवून पत्रे टाकले होते. अँटेनाचा पाईप त्या पत्र्यांच्या मधोमध. मी पहिलं पाऊल टाकलं आणि पत्रा धडाडला. घाबरून दुसरं टाकलं, तो जास्त धडाडला. मग मी पळत अँटेनापर्यंत गेलो.

त्या दिवसांत लातुरात ताटली पडली तरी माणसं उंबऱ्याबाहेर यायची. मी तर अख्खं छप्पर वाजवलं होतं. पाइपाला धरून खाली बघतो तर गल्ली रस्त्यावर आलेली. समोरचे वकीलसाहेब अर्ध्या गालाला साबण लावून उभे. एक बाई कडेवर पोर आणि हातात पितळी समई घेऊन. सगळे आपापल्या भिंतींकडं बघत होते. मग एकानं वर बघितलं, आणि मग सगळ्यांनीच.

मावशी मठातून तशाच अनवाणी धावत आल्या होत्या. "काय करलालास रे वर?" त्यांनी विचारलं.

"अँटेना नीट करून राहिलो मावशी," मी म्हणालो. आणि म्हटल्यासारखं दिसावं म्हणून अँटेनाला हात लावला, कर्कटकानं वायरीचे दोन्ही स्क्रू सोडवले, आणि खिशात टाकले. वायर लोंबायला लागली. खालच्या लोकांना वाटलं काहीतरी दुरुस्त झालं. वकीलसाहेब तर उरलेल्या गालाची दाढी करायला समाधानानं आत गेले.

रविवारी सकाळी मी आठलाच मावशींकडं जाऊन बसलो. सव्वानऊला पार्टनर आला. अंगात धुतलेला शर्ट, केस ओले. माझ्या शेजारी मांडी घालून बसला. मी टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"अरेरे," मी म्हणालो. ते मी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. "बिघडला की. जा तू पळत, साडेनऊला अजून वेळ आहे."

"बसतो," तो म्हणाला. "येईल."

तो मुंग्यांकडं बघत बसला. मी घड्याळाकडं. आत मावशी कणीक मळत होत्या, परात पुढंमागं सरकायची तेवढा आवाज. मी पुन्हा म्हणालो की आता काही येत नाही. तो पडद्याकडं बघतच बोलायला लागला.

"आमच्यात टीव्ही धाकट्या काकानं आणलेला. त्या रविवारी जुना त्या विवरात गेला बघ, आम्ही दोघं बघत होतो. मी म्हणलं, मेला. काका म्हणला, न्हाई, त्यो येतोय. लई भांडलाव. मी त्याला म्हणलं, तुला सायन्समधलं काय कळतंय. जेवायला बसलो तरी भांडण चालूच. पुढच्या रविवारी बघू की, म्हणला. काका त्यातच गेला. जुना आला तर तेवढं काकाचं खरं व्हतंय."

परातीचा आवाज बंद झाला होता.

मी आजवर पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण त्या दिवशीची सगळ्यात छोटी होती, आणि तिच्यात एकही लाल दिवा नव्हता. मी म्हणालो, "लाईट गेली होती रे. मी काहीच बघितलं न्हाई. आवाजाचं मी मनानं सांगितलं."

तो माझ्याकडं बघेना. मुंग्यांकडंच बघत होता.

"म्हणजे जुना न्हाई येणार."

"ते मला माहीत न्हाई."

"बरं," तो म्हणाला आणि उठला. नऊ अठ्ठावीस झाले होते.

मावशींच्या दारात दूधवाल्याची सायकल होती. ती मी विचारून घेतली असं मला म्हणायला आवडेल. पार्टनर मागं कॅरिअरवर, मी पुढं. लातूरचे रस्ते सपाट आहेत असं म्हणणाऱ्यानं डबलसीट चालवून बघावं. शेवटच्या वळणावर तो म्हणाला, "तू लई भारी सांगतोस. पण तुला थांबता येत न्हाई." मी पायडल मारण्यात इतका दंग होतो की वळणावरसुद्धा मला थांबता आलं नाही, आणि आम्ही दोघं शिकवणीच्या फाटकात सायकलीसकट आडवे झालो.

फाटक बंद. आत सर हातातल्या घड्याळाकडं बघत उभे. नऊ चाळीस. पार्टनर उठून उभा राहिला, त्याला कारणं सांगता येत नव्हती. मला येत होती. मी आजारपण, पंक्चर, मोर्चा असं सगळं तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. जे झालं ते सांगितलं. यान, लाईट, गुलाबजाम, छप्पर. काकाचंही. चूक माझी आहे, नाव खाली टाकायचं तर माझं टाका, म्हणालो.

"तू कोणत्या बॅचला?" सरांनी विचारलं.

"ड."

"तुझं आणखी कुठं टाकू?"

सरांनी माझ्या खरचटलेल्या कोपराकडं बघितलं. मग फाटकाची कडी काढली आणि पार्टनरला आत सोडलं. मी सायकल उचलायला वाकलो तर मला म्हणाले, "तू पण आत चल. अ चा पेपर सोडव. तीन तास तरी कुणाला काही सांगणार नाहीस." आणि मी जवळून जाताना आवाज खाली आणून विचारलं, "काय रे, जुना खरंच येणार आहे का?"

सरही दर रविवारी सकाळी पेपरच घ्यायचे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"माहीत नाही सर," मी म्हणालो. एका दिवसात मी हे दुसऱ्यांदा म्हणत होतो, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं.

त्या पेपरात चुकलेल्या उत्तराला मार्क कापायचे. सोमवारी यादी लागली तेव्हा पार्टनर तिसरा होता आणि यादीच्या खाली, रेघ मारून, माझं नाव आणि पुढं उणे सात. वडिलांना मी ते कळवलं नाही. त्या चढत्या क्रमात उणे कुठं बसवायचं, ते मला सुचलं नाही.

पण सोमवारच्या आधी रविवारची दुपार आहे. एक वाजता आम्ही चौदाजण ताटावर बसलो. पेपर देऊन आलेला मी पहिल्यांदाच सगळ्यांसारखा भुकेला होतो. शिरूरवाल्यानं गुलाबजामची वाटी पुढं सरकवून विचारलं, "मग? आला का जुना?"

मी वाटी परत सरकवली. "मी पेपरला होतो," म्हणालो.

"मी बघितलं की," मावशी म्हणाल्या.

त्या पळी घेऊन उभ्या होत्या. एका जागी बसून बोलायची त्यांना सवय नव्हती. आमटी वाढता वाढता, एकेका ताटापुढं एकेक वाक्य टाकत त्या सांगायला लागल्या.

"आलता. दाढी वाढलेली. अंगानं उतरलेला. दारातनं आत आला तर समदे उठून उभारले. नव्यानं खुर्ची सोडली, म्हणला, बसा. ह्यो न्हाई बसला. नव्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणला, तूच सांभाळ आता, तुझं बरं चाललंय."

"मग?" शिरूरवाल्यानं विचारलं.

"मग काय. निरोप घेतला अन् गेला."

"परत कधी येणार?"

"परत कशाला येतोय? समद्यांना भेटून गेला म्हणलं की."

त्या पार्टनरच्या ताटापाशी आल्या होत्या. त्यानं वाटी पुढं धरली आणि मान वर न करता विचारलं, "जेवून गेला का?"

"जेवूनच गेला," मावशी म्हणाल्या. "त्या गोळ्या न्हाई. भाकर खाल्ली. तसंच उपाशी जाऊ देतेत होय?"

पार्टनरनं मान हलवली. वाटी भरली होती तरी त्यानं ती खाली घेतली नाही, मावशींनी आणखी अर्धी पळी घातली.

मग नेहमीचं रण माजलं. आम्ही म्हणालो, जुना वेगळा होता हे सिद्ध झालं. शिरूरवाला म्हणाला, जुन्यानं स्वतः चार्ज दिला, रीतसर, आता विषय संपला. आम्ही, म्हणजे माझ्याशिवाय बाकीचे. माझ्या खिशात दोन स्क्रू होते आणि बसलं की ते मांडीला टोचत होते. मधल्या घरातल्या टीव्हीवर सकाळपासून मुंग्यांखेरीज काही दिसणं शक्य नव्हतं, हे त्या पंगतीत फक्त मला ठाऊक होतं, असं मी समजत होतो. मी मावशींकडं बघितलं. त्यांनी मला न विचारता भात वाढला. मी सांगितलेली गोष्ट पुढच्या रविवारसाठी भूक ठेवायची. मावशींनी सांगितलेली पंगत उठायच्या आत पुरी झाली होती.

हात धुवून मी अंगणात आलो तर पार्टनर तिथं उभा होता. त्यानं माझ्यापुढं तळहात धरला.

"स्क्रू दे," तो म्हणाला.

मी खिशावर हात ठेवला.

"शनिवारचं गल्लीनं सांगितलं मला. तू वर काय करून राहिला व्हतास ते." त्याचा हात तसाच होता. "दे. मावशीला संध्याकाळी बातम्या लागतेत."

मी दिले. तो भिंतीवरून वर चढला आणि पत्र्यावरून अँटेनाकडं चालत गेला. आवाज झाला नाही. मी मागोमाग निघालो तर मागं वळून हळूच म्हणाला, "खिळ्याखिळ्यावर पाय ठेव. खाली लाकूड असतंय तिथं, वाजत न्हाई." भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहिलेल्या माणसाला पत्र्याचं सगळं माहीत होतं.

मी खिळा बघून पाय टाकला. दुसरा खिळा बघितला, पाय टाकला. तिसरा शोधताना म्हणालो, "काका जिंकला म्हणायचा मग."

त्यानं तोंडात एक स्क्रू धरला होता. तो काढून म्हणाला, "जिंकला की," आणि हसला. मला पुन्हा एकदा त्याचे दात दिसले आणि माझा पाय खिळ्यावरून सरकला.

छप्पर धडाडलं. दारं उघडली. बायका, पोरं, समई, आणि तोंडात घास धरलेले वकीलसाहेब, सगळी गल्ली रस्त्यावर. मावशी खरकटा हात तसाच धरून अंगणात आल्या, वर आमच्याकडं बघितलं, आणि गल्लीला म्हणाल्या, "भूकंप न्हाई, अँटेना हाय. जावा आत, जेवा."